दवाखान्याचे पुढे काय?

स्मरणिकेसाठी एखाद्या वैद्यकीय विषयावर लिहावे, अशी संपादक मंडळाची अपेक्षा असते. मधुमेह, हृदयविकार, मानसिक ताण यांवर अधिकारी व्यक्ती दरवर्षी लिहितातच. चाळीस वर्षे इंदूरमध्ये जनरल प्रॅक्टिस केल्यावर मला मात्र ज्या विषयावर बोलावेसे वाटते, तो आपल्यापैकी बहुतेकांना अप्रिय आहे. डॉक्टर गेल्यावर त्याच्या दवाखान्याचे काय होते, हा तो विषय.

माझे एक स्नेही स्त्रीरोगतज्ज्ञ होते. बारा खाटांचे नर्सिंग होम, स्वकष्टाने घेतलेली जागा, वरच्या मजल्यावर राहते घर. २०१४ साली, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, ते हृदयविकाराने अचानक गेले. तेराव्यानंतर वहिनींनी मला बोलावून घेतले. डायनिंग टेबलावर फायलींचा ढीग होता आणि त्यातील एकही त्यांनी पूर्वी उघडलेली नव्हती. सात कर्मचाऱ्यांच्या पगाराची तारीख उलटून गेली होती. खाते डॉक्टरांच्या एकट्याच्या नावे, त्यामुळे बँकेने व्यवहार थांबवलेले. त्या खात्यावर नामांकन होते ते थोरल्या बंधूंचे. १९८६ साली, लग्नाच्या आधी, केलेले आणि पुढे कधीच न बदललेले. बंधू सज्जन, म्हणून त्यांनी पैसे काढून जसेच्या तसे वहिनींच्या हाती ठेवले. सगळ्यांचेच दीर असे नसतात.

नर्सिंग होमची नोंदणी डॉक्टरांच्या नावे होती. वहिनी वाणिज्य शाखेच्या पदवीधर, मुलगा पुण्यात संगणक अभियंता, मुलगी लग्न होऊन बंगळुरूला. तळमजल्यावर कर्ज काढून घेतलेले सोनोग्राफीचे यंत्र होते. पीसीपीएनडीटी नियमांप्रमाणे केंद्राचे नोंदणी प्रमाणपत्र हस्तांतरणीय नसते. मालकी बदलली वा केंद्र बंद पडले, की ते परत करावे लागते. नव्या मालकाने नव्याने अर्ज करावयाचा. नोंदणी नसलेल्याला यंत्र विकताही येत नाही. तेव्हा यंत्र कुलुपात आणि हप्ते चालू, अशी स्थिती कित्येक महिने राहिली. कपाटांत रुग्णांची कागदपत्रे होती. २००२ च्या नियमावलीनुसार आंतररुग्णांच्या नोंदी तीन वर्षे जपून ठेवावयाच्या आणि मागणी आल्यास बहात्तर तासांत द्यावयाच्या असतात. ती मागणी घेऊन येणाऱ्यास उत्तर कोणी द्यावे?

परंतु खरी अडचण पुढेच होती. स्नेह्यांनी इच्छापत्र केलेले नव्हते. आपल्यापैकी अनेकांची समजूत अशी, की नवऱ्यामागे सर्व काही आपोआप पत्नीचे होते. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे पत्नी, मुलगे, मुली आणि आई हे सारे पहिल्या वर्गाचे वारस आहेत आणि प्रत्येकाचा वाटा समान आहे. स्नेह्यांच्या मातोश्री तेव्हा हयात होत्या. म्हणजे इमारतीचे चार भाग झाले आणि वहिनींच्या वाट्यास चौथा हिस्सा आला. दोन वर्षांनी मातोश्रीही गेल्या. त्यांनीही काही लिहून ठेवलेले नव्हते. स्त्रीच्या मिळकतीचे वारस कायद्याने वेगळे ठरतात : तिचे पती, मुलगे, मुली आणि आधी वारलेल्या अपत्याची मुले. आधी वारलेल्या मुलाच्या विधवेचा त्यात समावेश नाही. त्यामुळे मातोश्रींच्या पाव हिश्श्याचे तीन भाग होऊन एक थोरल्या बंधूंकडे, एक नणंदेकडे आणि एक वहिनींच्या दोन मुलांकडे गेला. ज्या इमारतीत वहिनींनी आयुष्य घालविले, रात्री-अपरात्री आलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांना चहा करून दिला, तिचे खरेदीखत करावयास २०१९ साली पाच जणांच्या सह्या लागल्या. नणंदेची सही मिळण्यास अकरा महिने लागले. त्या बाईंचा मी दोष मानीत नाही. कायद्याने जे त्यांचे होते तेच त्यांनी मागितले. नात्यात मात्र जो दुरावा आला तो आजही आहे. स्नेह्यांनी एक पान लिहिले असते, तर हे झाले नसते. स्वकष्टार्जित मिळकत कोणास द्यावी हे ठरविण्याचा अधिकार त्यांना होता आणि त्या पानाला मुद्रांकही लागत नाही.

आपले पूर्वज ज्या होळकरशाहीच्या आश्रयाने माळव्यात स्थिरावले, तिचाच इतिहास पाहा. सुभेदार मल्हारराव १७६६ मध्ये वारले तेव्हा पुत्र खंडेराव १७५४ मध्येच कुंभेरीच्या वेढ्यात पडलेले होते, आणि नातू मालेराव वर्षभरातच गेला. अहिल्यादेवींच्या अंगी कर्तृत्व होते म्हणून दौलत सावरली. त्या १७९५ मध्ये आणि तुकोजीराव १७९७ मध्ये गेल्यावर मुलांमध्ये जे यादवी युद्ध पेटले ते सर्वश्रुत आहे. प्रत्येक घरात अहिल्यादेवी असतीलच, या भरवशावर राहू नये.

नामांकनाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण येथे सुशिक्षितांचाही घोटाळा होतो. ‘सगळीकडे नॉमिनी लावलेला आहे’ असे सांगून निश्चिंत होणारे व्यवसायबंधू मला दर आठवड्याला भेटतात. नॉमिनी हा सामान्यतः रक्कम स्वीकारणारा विश्वस्त असतो, मालक नव्हे. ‘कालनिर्णय’चे जयंत साळगावकर २०१३ साली निवर्तल्यानंतर त्यांच्या गुंतवणुकीवरील नामांकनाचा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १४ डिसेंबर २०२३ रोजी न्यायालयाने सांगितले, की शेअर्सच्या बाबतीतही नामांकन वारसाहक्कावर मात करीत नाही. आयुर्विम्यात मात्र २०१५ च्या दुरुस्तीनंतर आईवडील, पती-पत्नी व मुले हे नॉमिनी असल्यास रक्कम त्यांचीच होते. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या ठेवींवर चार जणांपर्यंत नामांकन करता येते. ही सोय उत्तम आहे. तिच्यामुळे इच्छापत्राची गरज मात्र संपत नाही.

दोघा डॉक्टरांच्या भागीदारीत एक जण वारला, की भागीदारीच संपते. मागे राहिलेल्याने वारसांना किती व केव्हा द्यावयाचे, हे करारपत्रात नसेल, तर तीस वर्षांच्या मैत्रीचा शेवट वकिलाच्या नोटिशीने होतो. यावर अधिक लिहिण्याची गरज नाही; अशी उदाहरणे वाचकांना माहीतच असतील.

दुसऱ्या टोकाची चूकही मी पाहिली आहे. काही मंडळी हयातीतच सारे मुलाच्या नावे बक्षीसपत्र करून मोकळी होतात. बक्षीस परत घेता येत नाही. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्याने, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मिळकत सांभाळ न झाल्यास परत मिळू शकते आणि आपल्याच मध्य प्रदेशातील एका मातेला जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा न्याय दिलाही. पण त्यासाठी तिला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. इच्छापत्र मरेपर्यंत हजार वेळा बदलता येते आणि शेवटचे तेच खरे धरले जाते. म्हणून माझे मत असे, की राहते घर आणि दवाखाना हयातीत कोणाच्याही नावे करू नये. कोणी यास अविश्वास म्हणेल. म्हणोत.

इच्छापत्रावर दोन साक्षीदारांनी आपल्या सहीनंतर सह्या करावयाच्या असतात. नोंदणी सक्तीची नाही, तरी करावी. साक्षीदार मात्र आपल्याहून तरुण असावेत, आणि ज्यांना काही मिळणार आहे असे नसावेत. आपण डॉक्टर आपल्याच वयाच्या डॉक्टर मित्राची सही घेतो. वीस वर्षांनी न्यायालयात साक्ष देण्याची वेळ येते तेव्हा तो तरी कोठे असतो? जाता जाता एक सांगतो. रुग्णाच्या इच्छापत्रासाठी ‘मनःस्थिती सुदृढ आहे’ असा दाखला आपण सहज लिहून देतो. त्या दिवशी रुग्णाला तपासून, तारीख-वार विचारून, केसपेपरवर तशी नोंद केलेली असेल तरच तो द्यावा. मला अशा एका दाखल्यावर नऊ वर्षांनी उलटतपासणीला तोंड द्यावे लागले आहे आणि केसपेपर सापडला नव्हता.

आता थोडे स्वतःविषयी. स्नेह्यांच्या घरची ती फायलींची रास पाहूनही मी स्वतःचे इच्छापत्र तीन वर्षे लांबणीवर टाकले. सौभाग्यवती म्हणाली, ‘घरात असले अशुभ नको.’ ‘मृत्युपत्र’ या शब्दाने ती अडत होती. ‘इच्छापत्र’ म्हटल्यावर थोडी नरमली आणि गुमास्त्याने हिंदीत ‘वसीयत’ म्हटल्यावर तिला त्याचे काहीच वाटले नाही. मग एका रविवारी मुलगा व मुलगी दोघांना समोर बसवले. मुलगी एम. डी. आहे. दवाखाना तिने चालवावा, हे मी इतकी वर्षे मनाशी गृहीतच धरले होते, तिला विचारले कधीच नव्हते. ती शांतपणे म्हणाली, ‘बाबा, मी इंदूरला परत येणार नाही. तुमच्याकडे सहा वर्षे बसणाऱ्या डॉक्टरांना का नाही देत?’ त्या रात्री मला झोप लागली नाही. वडिलांनी १९५८ साली लावलेली पाटी परक्या नावाची होणार, हे सोसावयास मला काही महिने लागले. पण तिचे खरे होते. जागेचा वारस आणि रुग्णांचा वारस हे एकच असले पाहिजेत असे कोठे आहे? आता त्या तरुण डॉक्टरांशी लेखी करार झाला आहे : जागा भाड्याने, सामान ठरल्या किमतीत, आणि मी बसू शकेन तोवर सकाळचे दोन तास माझे. जुन्या रुग्णांना मी स्वतः त्यांची ओळख करून देतो. काही जण अजूनही माझ्यासाठीच थांबतात, तेव्हा मनाला बरे वाटते, हे कबूल करतो.

खाती, कर्जे, विमा, नोंदण्यांच्या मुदती, लॉकरची किल्ली, सनदी लेखापालांचा दूरध्वनी असे सारे एका वहीत मराठीत लिहून सौभाग्यवतीच्या कपाटात ठेवले आहे आणि ती वही तिला दोनदा वाचून दाखविली आहे. इच्छापत्राच्या दोन साक्षीदारांपैकी एक, माझेच वर्गमित्र, गेल्या वर्षी वारले. नवे इच्छापत्र दिवाळीपूर्वी करावयाचे ठरले आहे. साक्षीदार म्हणून शेजारच्या औषधविक्रेत्याच्या मुलाला विचारले आहे, तो पस्तिशीचा आहे.