कॅसेट भंगारात घालण्याआधी पुसून पाहा

दिवाळीची आवराआवर निघाली की माळ्यावरच्या खोक्यातून व्हिडिओ गेमच्या जुन्या कॅसेट खाली येतात. मारिओ, कॉन्ट्रा, डक हंट. पोरं हौसेनं एखादी लावून बघतात, पडद्यावर काहीच उमटत नाही आणि सगळं खोकं भंगारवाल्याकडे जातं. भरे, घोटावडे, पिरंगुट, पौड, सगळ्या मुळशीकरांना माझी कळकळीची विनंती आहे की एवढी घाई करू नका. बंद पडलेल्या म्हणून टाकलेल्या कॅसेटपैकी बऱ्याचशा बिघडलेल्या नसतात, मळलेल्या असतात.

नव्वदच्या दशकात आपल्याकडे घरोघरी आलेले बहुतेक सेट म्हणजे जपानी निन्टेन्डो कंपनीच्या १९८३ सालच्या फॅमिकॉमच्या नकला. त्यांच्या कॅसेटला ६० पिना असतात, दोन्ही बाजूंना तीस-तीस. आत फीत नाही, फिरणारा भाग नाही. गेम चिपमध्येच कायमचा भरलेला असतो, तो सहसा पुसला जात नाही. बिघडतं ते पिनांचं टेकणं. त्यात आपल्या तालुक्याचा पाऊस! चार महिने घरात ओल राहते, भिंतींना बुरशी येते, तिथे तांब्याच्या पिना काळवंडल्या तर नवल नाही.

आपण सगळे लहानपणी काय करायचो? कॅसेट काढून जोरात फुंकर मारायची. फुंकर मारली की गेम चालायचा, म्हणून ती सवय जडली. खरं तर कॅसेट काढून पुन्हा घातली की पिना घासल्या जाऊन नीट टेकायच्या, त्याचा तो गुण. फुंकरीतून उलट तोंडातली वाफ पिनांवर बसते आणि गंज वाढतो. निन्टेन्डोनेही फुंकू नका असंच सांगितलेलं आहे.

पिना पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल लागतं. पुण्यात तापकीर गल्लीत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत विचारा. कोविडच्या वेळचं उरलेलं सॅनिटायझर मात्र वापरू नका, त्यात बहुधा ग्लिसरीन असतं आणि ते चिकट थर सोडतं. थिनर-पेट्रोल तर प्लास्टिकच खातं. कानाच्या कापूसकाडीचं टोक अल्कोहोलात जेमतेम भिजवा आणि पिनेच्या लांबीच्या दिशेनं फिरवा, आडवं नको. पहिली काडी काळी निघेल. काडी स्वच्छ निघेपर्यंत दोन्ही बाजू पुसा, मग पूर्ण वाळू द्या. डाग हट्टी असेल तर शाळेतला पांढरा खोडरबर हलक्या हातानं चालेल, पण कीस झटकून टाका. पॉलिश पेपर अजिबात नको, मुलामा जातो आणि तो परत येत नाही. अल्कोहोल लगेच पेट घेतं, तेव्हा गॅस आणि देवघरातला दिवा दूर ठेवा.

आता पडद्याकडे नीट पाहा, तोच बरंच सांगतो. या सेटमध्ये प्रोग्रॅमच्या पिना वेगळ्या, चित्राच्या वेगळ्या. गेम चालतोय, आवाज येतोय, पण मारिओच्या जागी भलतेच तुकडे दिसतात, तर बहुधा चित्राच्या पिना टेकत नाहीत. पडदा एकाच रंगाचा राहिला तर प्रोग्रॅमच्या बाजूवर संशय घ्या. सगळ्याच कॅसेट रुसत असतील तर दोष सेटच्या खाचेत शोधा, नाहीतर अडॅप्टरमध्ये. अडॅप्टर हाताला लागेल तो जोडू नका. सेटच्या खाली छापलेले व्होल्ट आणि प्लस-मायनसची खूण जुळली पाहिजे, उलटी पडली तर चांगला सेट जळू शकतो. आणि सेट चालू असताना कॅसेट कधीही उपसू नका.

डक हंटची बंदूक नव्या सपाट टीव्हीवर चालत नाही, कारण ती जुन्या काचेच्या पिक्चर ट्यूबसाठीच बनवलेली आहे. त्यात कॅसेटचा काही दोष नाही.

एवढं करूनही चालली नाही तर कॅसेट उघडून बघायला हरकत नाही. आत हिरव्या पट्टीवर काळा गोळा दिसला तर चिप त्या गोळ्याखाली आहे. ती खरोखर गेली असेल तर ती कॅसेट संपली, तिच्यावर पैसे घालवू नका. पायांची चिप असेल आणि एखादा सांधा सुटलेला दिसला, तर मोबाइल दुरुस्तीवाला डाग देऊन देईल.

चालू झालेल्या कॅसेट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या टाकून, भिंतीपासून लांब ठेवा आणि पावसाळा सरला की एकदा लावून पाहा. तुम्हाला नकोच असतील तर निदान ज्यांना हव्यात त्यांना द्या, घेणारे आहेत. अगदीच गेलेल्या कॅसेट ई-कचऱ्यात द्या, घरामागे जाळू नका. त्या धुरात विष असतं.