तुमची पिशवी कोण तपासतं?

माझी भाची सहाराच्या वाळवंटात धावायला जाणार हे कळलं आणि ताईने डोक्यालाच हात लावला. "आपल्या नागपुरात ऊन कमी आहे का, म्हणून तिकडे जाऊन राहिली?" ताईचंही चूक नव्हतं म्हणा! मोरोक्कोतल्या या शर्यतीचं नाव 'मॅरेथॉन द साब्ल', म्हणजे वाळूची मॅरेथॉन. पॅट्रिक बॉअर नावाचा फ्रेंच माणूस 1984 मध्ये एकटाच सहारा पायी तुडवून आला आणि 1986 मध्ये त्याने ही शर्यत सुरू केली. साधारण 250 किलोमीटर अंतर, तेही टप्प्याटप्प्याने, अनेक दिवस. पाणी आणि रात्रीचा तंबू आयोजक देतात. बाकी खाणं, अंथरूण, कपडे, औषधं, सगळं आपल्याच पाठीवर.

आपल्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी 2017 मध्ये अमेरिका या टोकापासून त्या टोकापर्यंत सायकलने 12 दिवसांच्या आत पार केली. पण तिथे मागे गाडी होती, खाऊ-पिऊ घालणारी माणसं होती. आपल्या पंढरीच्या वारीतही बोजा दिंडीच्या ट्रकमध्ये असतो. इथे तसं काही नाही. मग मीच म्हटलं, "खाण्याचं माझ्याकडे लागलं."

मला वाटलं, डबा भरायचा तो भरायचा. पंचवीस वर्षं तेच करते आहे. पण भाचीने नियम सांगितला आणि मी चाटच पडले. पाणी सोडून पिशवी साडेसहा किलोपेक्षा कमी नको आणि पंधरापेक्षा जास्त नको. रोजचे किमान 2,000 उष्मांक मिळतील एवढं खाणं त्यात हवंच. सुरुवातीलाच पिशवी तपासतात आणि कमी भरलं तर दंड. सात दिवसांचे झाले 14,000 उष्मांक!

मग आमच्या ओट्यावर वजनकाटा आला. पिठाचा, साखरेचा एक ग्रॅम चार उष्मांक देतो आणि तेला-तुपाचा नऊ. नुसती साखर-पीठ नेलं तर दिवसाला अर्धा किलो ओझं. म्हणून थोडक्यात जास्त ताकद देणारे पदार्थ शोधले. 100 ग्रॅम शेंगदाण्यांत साधारण 560 उष्मांक, तिळातही जवळपास तेवढेच, गुळात 380. दाणे, तीळ आणि गुळाचा 40 ग्रॅमचा लाडू म्हणजे 200 उष्मांकांच्या आसपास. मुरमुरे हलके, पण पिशवीभर जागा खातात, म्हणून बाद. तूप जास्त झालं की लाडू उन्हात पातळ होतात, म्हणून तेही बेतानेच. आणि तिसऱ्या दिवसापासून गोड नकोसं होतं म्हणे! मग खारे दाणे, जवसाची चटणी, भाजून केलेलं सातूचं पीठ. प्रत्येक दिवसाची वेगळी पुडी केली आणि तीवर वजन व उष्मांक लिहून चिकटवले.

सामानाचंही तसंच. रात्री वाळवंट गार पडतं, म्हणून झोपायची हलकी पिशवी हवीच. पाय सुजतात, म्हणून बूट एक नंबर मोठे. बुटात वाळू जाऊ नये म्हणून त्यांवर कापडी मोजे चढवायचे असतात. ते आमच्या कोपऱ्यावरच्या चांभारदादांनी बुटाला पट्टी शिवून बसवून दिले. पाळीचं सामानही तिने मोजूनच घेतलं. दात घासायच्या ब्रशची दांडी अर्धी कापली, तेव्हा मात्र मला हसू आवरेना.

सराव सेमिनरी हिल्सवर आणि कन्हान नदीच्या वाळूत, पाठीवर भरलेली पिशवी घेऊन. उन्हाची सवयही एकदम नाही, दहा-पंधरा दिवस थोडी थोडी वाढवत न्यायची. घामातून मीठ जातं, नुसतं पाणी ढोसत राहिलं तर उलट जिवावर बेततं, हेही तिच्यामुळेच नीट कळलं.

हे सगळं चालू असताना आमच्या बचत गटाने वस्तीत रक्ततपासणीचं शिबिर घेतलं. बायकांना धीर यावा म्हणून मी पहिलं बोट पुढे केलं. माझं हिमोग्लोबिन निघालं नऊ. बाईला बारा तरी हवं! भाचीच्या लाडवाचा ग्रॅम न् ग्रॅम मोजणारी मी स्वतः दुपारी काय खात होते? सकाळची उरलेली पोळी आणि चहा. तीही सगळ्यांचं झाल्यावर, उभ्याउभ्याच.

त्या दिवशी मला शर्यतीच्या त्या नियमाचा अर्थ उमगला. तुझ्या पिशवीत पुरेसं अन्न नसेल तर तू पुढे जाऊ नकोस, असं तिथे सांगणारा कोणीतरी आहे. आपल्या शर्यतीत तो नाही. पहाटे पाचला सुरू होऊन रात्री अकराला संपते ती, आणि सात दिवसांनी थांबतही नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. यात गरिबी आहेच, ती मी वस्तीत रोज पाहते. पण माझ्या घरी कुठे गरिबी होती? होती ती सवय. सगळ्यांचे डबे भरायचे आणि आपला विसरायचा. वर त्यालाच आपण त्याग म्हणतो!

पुण्याच्या मिशेल काकडे यांनी 2015-16 मध्ये देशाच्या सुवर्ण चतुष्कोन महामार्गावर जवळपास सहा हजार किलोमीटर पायी कापले. आपल्याला तेवढं नाही जमणार, नाही जमलं तरी चालेल. पण मैत्रिणींनो, एक काम आजच करा. उद्या सगळ्यांचे डबे भराल तेव्हा एक डबा स्वतःचाही भरा. भाजी, उसळ, दाण्या-गुळाचा एक लाडू. दुपारी तो बसून खा. आणि एकदा रक्त तपासून घ्या, सरकारी दवाखान्यात ही सोय असते.

ताईचा विरोध अजून पुरता मावळलेला नाही. पण परवा तीच विचारत होती, "लाडू पुरतील ना गं तिला?" मी म्हटलं, "तिची पिशवी तपासणारे आहेत बापा, तिची काळजी नको करू. तू आज जेवलीस का, ते सांग."