नोंदवही पोरांच्या हाती द्या

पाच जूनचा पर्यावरण दिन आला की खड्डे खणले जातात, रोपाला चार-सहा हात लागतात, फोटो निघतो आणि रोप देवाच्या भरवशावर उरते. अकरावी-बारावीच्या पर्यावरण प्रकल्पाची गत निराळी नाही. झेरॉक्सच्या दुकानात तयार मजकूर मिळतो. नाव आणि हजेरी क्रमांक घातला की काम फत्ते. सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये पर्यावरण शिक्षण सक्तीचे केले ते यासाठी खासच नव्हे. वर पुन्हा ‘हल्लीच्या मुलांना निसर्गाची आवडच नाही’ ही आपली तक्रार आहेच.

तक्रार करणाऱ्यांनी मंडणगड तालुक्यातील वेळासला जाऊन यावे. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने 2002 मध्ये तेथे ऑलिव्ह रिडले कासवांच्या रक्षणाचे काम गावाला सोबत घेऊन सुरू केले. मादी रात्री वाळूत शंभराच्या आसपास अंडी घालून समुद्रात परतते. पहाटे कासवमित्र तिचा माग काढतो आणि कुत्र्या-कोल्ह्यांनी उकरण्याआधी अंडी कुंपणात हलवतो. खड्डाही मूळ घरट्याइतकाच खोल हवा. पन्नासएक दिवसांनी घरट्यावर झाकलेली टोपली उचलावी तर खाली पिल्लांची वळवळ! एकेकाळी हीच अंडी चोरून विकली जात. हा पालट शपथा देऊन झालेला नाही. माग हुकला तर घरटे गेले, इतकी रोखठोक जबाबदारी अंगावर पडली. पुढे थोडे मानधन आणि पर्यटकांमुळे घरात चार पैसेही आले. पोरांनी फुकट राबावे, ही अपेक्षा निदान पगारदारांनी तरी करू नये.

समुद्र नसलेल्या गावांसाठीही कायद्यात वाट आहे. 2002 च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही सांगितली आहे. राष्ट्रीय हरित लवादाने या कामासाठी 31 जानेवारी 2020 ची मुदत घालून राज्यांना दरमहा 10 लाखांच्या भुर्दंडाची तंबी दिली, तेव्हा कुठे धावपळ झाली. अशा घाईत भरलेल्या वह्या कपाटात ठेवण्यापुरत्याच. त्या गावातल्याच कॉलेजच्या मुलांकडे द्याव्यात. कोणता ओढा कोणत्या महिन्यात आटतो, कोणत्या बांधावर कोणती रानभाजी उगवते, हे आजीला विचारून, स्वतः हिंडून त्यांनी लिहावे आणि प्रकल्पाचे गुण त्यालाच मिळावेत. समितीत पंचविशीच्या आतील दोघे असावेत, तेही मतासह. खाणीचा किंवा झाडतोडीचा प्रस्ताव येईल तेव्हा ही वही टेबलावर आली तर काही कारभाऱ्यांना अडचणीचे होईल. होऊ द्यावे. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत हा विषय मांडायला मंत्रालयाच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही.