धानपट्ट्यातील हरभरा : तारीख ठरते जूनमध्ये

चंद्रपूर जिल्ह्यात हरभऱ्याची दोन वेळापत्रके आहेत. वरोरा, भद्रावती भागातील काळ्या जमिनीत सोयाबीन निघताच ऑक्टोबरमध्ये पेरणी करता येते. पूर्वेकडील सिंदेवाही, नागभीड, मूल तालुक्यांत आणि वैनगंगेपलीकडे गडचिरोली जिल्ह्यातील आरमोरी, देसाईगंज भागात मात्र त्या वेळी बांध्यांमध्ये धान उभे असते. हलके धान सुमारे ११५ ते १२० दिवसांत, तर भारी धान १४० ते १५० दिवसांत तयार होते. हा महिनाभराचा फरकच पुढे हरभऱ्याचे भवितव्य ठरवतो.

हरभरा हे थंडीचे पीक आहे. नोव्हेंबरच्या आरंभी पेरलेल्या पिकाला वाढीसाठी थंडीचे पुरेसे दिवस मिळतात. तोच वाण डिसेंबरमध्ये पेरला, तर झाडाची उंची आणि फांद्या कमी राहतात आणि घाटे भरण्याचा काळ फेब्रुवारीअखेर ते मार्चच्या उन्हात सापडतो. तापमान ३५ अंशांपुढे गेले, की परागकण निकामी होऊ लागतात, फुले गळतात आणि दाणा बारीक राहतो. त्यातच धानासाठी चिखलणी केलेल्या जमिनीत खाली कठीण थर तयार झालेला असतो. मुळे खोल जात नाहीत आणि वरचा ओलावा आधीच उडालेला असतो. उष्णता व पाण्याचा ताण एकत्र आला, की मूळकुज बळावते.

अशा वेळी वाणाची निवड निर्णायक ठरते. मर रोगास प्रतिकारक असलेला, टपोऱ्या दाण्याचा जाकी ९२१८ वेळेवरच्या पेरणीस चांगला आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा विजय हा वाण उशिराच्या पेरणीसाठीही शिफारस केलेला आहे. उष्णता सहन करणारा जे.जी. १४ हा वाण भारतात २००९ मध्ये प्रसारित झाला. त्याच मूळ वाणाला म्यानमार आणि बांगलादेश या भातउत्पादक देशांनीही वेगळ्या नावांनी मान्यता दिली. धानानंतरच्या हरभऱ्याची अडचण केवळ झाडीपट्टीची नाही, हे त्यावरून दिसते. देशात धानानंतर पडीक राहणारे क्षेत्र एक कोटी हेक्टरांहून अधिक मानले जाते.

तथापि, केवळ वाण बदलून गेलेले दिवस परत येत नाहीत. हरभऱ्याची पेरणी नोव्हेंबरमध्ये होत असली, तरी तिची तारीख जूनमध्ये, धानाचे बियाणे निवडतानाच ठरते. म्हणून खरीप व रब्बीचा सल्ला वेगवेगळा देण्याची पद्धत या भागापुरती तरी सोडावी लागेल. ज्या बांधीत हरभरा घ्यायचा, तेथे हलके किंवा मध्यम धान लावावे आणि कापणीनंतर ओलावा असतानाच कमीत कमी मशागतीत पेरणी उरकावी. भारी धान घेणाऱ्याने विजयसारखा वाण आणि थोडे अधिक बियाणे वापरावे, अन्यथा ओलाव्यावर येणाऱ्या लाखोळी किंवा जवसाचा विचार करावा. शासकीय योजनांतील बियाणेही कापणीपूर्वी गावात पोहोचले पाहिजे. उत्तम वाणाची पिशवी डिसेंबरमध्ये हाती पडली, तर तिचा उपयोग अहवालापुरताच उरतो.