तारे मागावेत, विकत घेऊ नयेत

आमचा शहापूरचा भाचा प्लंबर. हात चांगला, पण गूगलवर अभिप्राय चारच. नवं गिऱ्हाईक तर तारे बघूनच फोन करतं. म्हणून त्यानं पाच ताऱ्यांमागे ५० रुपये सूट द्यायचं ठरवलं. मी म्हटलं, ‘थांब रे बाबा!’ अभिप्रायासाठी सूट देणं गूगलच्या नियमात बसत नाही. असे अभिप्राय काढून टाकले जाऊ शकतात. फक्त खुश गिऱ्हाइकांनाच निवडून विचारणंही नियमाबाहेर. त्यापेक्षा नळ गळायचा थांबला, की लगेच सगळ्यांना व्हॉट्सॲपवर लिंक पाठवावी. अक्का कन्नडमध्ये लिहितील, मावशी मराठीत, दोन्ही चालतं. परवा एक तारा आला : पाइप बसवला, फोडलेली भिंत तशीच ठेवली! भाच्यानं वाद घातला नाही. ‘उद्या येतो’ लिहिलं आणि सिमेंट घेऊन गेला.