कथा प्रसिद्ध करा, हक्क राखा!

लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने १९३६ साली बाबासाहेबांच्या अध्यक्षीय भाषणातील काही भाग गाळण्याचा आग्रह धरला. बाबासाहेबांनी एक स्वल्पविरामही बदलण्यास नकार दिला. मंडळाने परिषद रद्द केली. बाबासाहेबांनी स्वखर्चाने १५०० प्रती छापल्या आणि ‘जातिप्रथेचे निर्मूलन’ जगापुढे आले.

आज आमच्या बिबवेवाडीच्या वस्तीतील मुलाच्या हाती मोबाईल आहे. २०१४ साली सुरू झालेल्या प्रतिलिपीसारख्या व्यासपीठावर त्याची कथा थेट वाचकांपर्यंत जाते. त्यासाठी प्रकाशकांचे उंबरठे झिजवावे लागत नाहीत. ‘ही भाषा शिष्टसंमत नाही’ असे ऐकावे लागत नाही. आम्ही या वाटेचे स्वागत करतो.

मात्र बाबासाहेबांच्या पुस्तकावर बाबासाहेबांचाच हक्क होता. आपली मुले अटी न वाचताच ‘मान्य’ म्हणतात! १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार कथा लिहिताच तिचा हक्क लेखकाचा होतो. नोंदणीची सक्ती नाही. तो हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी, सहीचा करार लागतो. करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षेच धरली जाते. पण ‘कायमचे हक्क’ असे लिहून दिले, तर उद्या त्याच कथेवर चित्रपट निघेल आणि लेखक तिकीट काढून तो पाहील!

म्हणून प्रत्येक बुद्धविहारात महिन्यातून एक रविवार कथावाचनाचा व करारवाचनाचा असावा. समाजातील वकिलांनी तेथे विनामूल्य बसावे. जमीन नव्हती म्हणून पिढ्या राबल्या. आता शब्दांची जमीन तरी दुसऱ्याच्या नावे करू नका.

जयभीम!