बुर्झहोमची कवटी आणि तिरोड्याचा रस्ता

१/ बुर्झहोमच्या नवाश्मयुगीन कवटीचे छायाचित्र पुन्हा फिरू लागले आहे. ‘चार हजार वर्षांपूर्वी आपण मेंदूवर शस्त्रक्रिया करीत होतो!’ इतिहासाचा विद्यार्थी आणि तिरोड्याचा रहिवासी, या दोन्ही नात्यांनी मला हा अभिमान खुपतो. म्हणून हा थ्रेड.

२/ काश्मिरातील त्या कवटीला अनेक छिद्रे आहेत, हे खरे. ती कशासाठी पाडली, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. ‘महावग्गा’तील जीवक राजगृहाच्या श्रेष्ठीचे मस्तक उघडून दोन कृमी काढतो, ती कथा आहे, रुग्णालयाची नोंदवही नव्हे.

३/ आपली आधुनिक मेंदूशल्यचिकित्सा १९४९ साली वेल्लोरला डॉ. जेकब चंडी यांनी सुरू केली. तेव्हा सीटी स्कॅन नव्हता. पहिला आला १९७१ मध्ये, लंडनला. शुद्ध हरपत चालली, एका डोळ्याची बाहुली विस्फारली, की त्यावरून बाजू ठरवून शल्यविशारद कवटीला छिद्र पाडीत व साकळलेले रक्त काढीत.

४/ येथे शत्रू वेळ आहे. मेंदूच्या आवरणाखालील तीव्र रक्तस्रावाच्या ८२ रुग्णांचा अमेरिकेतील १९८१ चा अभ्यास पाहा: चार तासांत शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ३० टक्के दगावले, उशीर झालेल्यांपैकी ९० टक्के.

५/ आता नकाशा. तिरोड्याहून गोंदिया सुमारे ३० किलोमीटर, नागपूर शंभराहून अधिक. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने ‘गोल्डन अवर’ची व्याख्या आली: दुखापतीनंतरचा एक तास. १०८ ला फोन, गाडीची वाट, पहिला दवाखाना, तेथली ‘नागपूरला न्या’ ही चिठ्ठी... तास कोठे संपतो, ते तुम्हीच मोजा. याच गावी ३३०० मेगावॅटचा वीजप्रकल्प उभा राहिला, तेव्हा आडगाव म्हणून कोणी अडले नव्हते.

६/ ‘प्रत्येक तालुक्यास मेंदूचा सर्जन कोठून आणणार?’ आणू नका. ऑस्ट्रेलियातील डार्विनपासून ॲडलेडचे मेंदूशल्यविशारद अडीच हजार किलोमीटरहून दूर होते; तेथे सामान्य शल्यविशारदांनीच या तातडीच्या शस्त्रक्रिया केल्या, आणि त्यांचा अहवाल २००५ मध्ये छापून आला. जिल्हा व उपजिल्हा रुग्णालयांतील सर्जनना हे शिकवता येते. मात्र सोबत भूलतज्ज्ञ, रक्त, व्हेंटिलेटर आणि रात्रपाळीची परिचारिका हवी. नुसते छिद्र पाडून रुग्ण वाचत नाही.

७/ प्रतिसादात सुश्रुताचा श्लोक टाकणाऱ्यांस विनंती: आपल्या गावापासून रात्री दोन वाजता चालू असलेले सर्वांत जवळचे सीटी स्कॅन किती किलोमीटरवर आहे, तेही सोबत लिहावे.